एकाच इडलीची ऑर्डर

ऑनलाइन तोंडी परीक्षेत परीक्षक खांबेटेसरांनी घसा खाकरला. समोर पडद्यावर कल्याणी होती; तिचा प्रबंध महामारीत विद्यार्थ्यांनी ऑनलाइन मागवलेल्या खाण्यावर होता.

"मुलं भुकेपोटी नव्हे, दारात माणसाचा आवाज यावा म्हणून मागवत, असं लिहिलंय तुम्ही. पुरावा नसेल तर प्रकरण पुन्हा लिहा."

कल्याणीचा चेहरा पडला.

इतक्यात सरांच्या दाराची घंटी वाजली. माइक बंद करायचं ते नेहमीप्रमाणे विसरले.

"आजोबा, एका इडलीसाठी रोज तीन जिने चढवता!" खाणं पोचवणाऱ्या बाईचा आवाज साऱ्या समितीनं ऐकला. "जेवलात ना?"

"हो, मघाशीच खिचडी झाली."

लालबुंद कानांनी सर इडली घेऊन परतले.

"प्रकरण राहू द्या तसंच," ते पुटपुटले. "फक्त मुलांच्या यादीत एक म्हातारा परीक्षक वाढवा."