फटकून बसलेले अणू

देवाशपथ सांगते, यातलं अक्षरन्‌अक्षर खरं! भोपाळच्या टाउनशिपमधली शाल्मली प्रयोगशाळेत अणू गारठवून त्यांचा ढग जमवायची, पण गर्दी वाढली की ढग फुस्सकन फुटायचा. सोमवारनंतर यंत्र दुसऱ्याला मिळणार होतं. शुक्रवारी आजीच्या क्वार्टरमध्ये हळदीकुंकू होतं. आजीच्या चार जिवलग मैत्रिणी एकाच दिवाणावर खेटून बसल्या, "अगं, तूही ये" म्हणत पाचवीलाही ओढलं आणि दिवाण धाडकन मोडला. समोर नळावरून भांडलेल्या सहाजणी सतरंजीवर हातभर अंतर राखून मजेत होत्या. शाल्मली ओरडली, "आजी, लवकर जमावेत म्हणून मी अणूंना एकमेकांकडे ओढत होते! त्यांना थोडं फटकून ठेवायला हवं." "ठेव की," आजी म्हणाली, "आधी या पाचजणींना उचल." सोमवारी तिनं अणूंची आपसातली ओढ ठरवणाऱ्या चुंबकाचा जोर बदलला. ढग टिकला. पहिला फोन आजीला आला. बरं, एवढं मी रचलं: पहिला तिच्या पीएचडीच्या गाइडला, दुसरा आजीला.