थ्री लेफ्ट

बोगद्याच्या तोंडाशी मुकादमाने चिठ्ठी बाईंच्या हातात ठेवली. ओला कागद, चिखलाचे ठसे आणि घाईघाईत खरडलेले दोन शब्द : थ्री लेफ्ट.

आत पाच माणसं अडकून चौथा दिवस होता. हवेच्या नळीतून दोरीला बांधून चिठ्ठ्या जायच्या-यायच्या. आतून लिहायचा तो परदेशी इंजिनियर. त्याला इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं. ही चिठ्ठी बाहेर ओढली आणि पाठोपाठ आतलं छत पुन्हा खचलं. नळी चेपली. आता उलट विचारायचीही सोय राहिली नाही.

बाई शाळेत इंग्रजी शिकवायच्या. त्यांचे यजमानही आतच होते. अडकलेल्या आणखी तिघांच्या घरच्या बायकाही तिथे उभ्या होत्या, त्यांत फिटरची आई.

"लवकर सांगा," मुकादम म्हणाला. "भोक पाडायचं मशिन एकच आहे. आत पाणी चढतंय. दुसरं भोक पाडायला वेळ मिळायचा नाही."

पाचवीच्या पोरांना हा शब्द बाई दरवर्षी शिकवायच्या. लेफ्ट म्हणजे डावा. लेफ्ट म्हणजे निघून गेला. लेफ्ट म्हणजे उरला. पोरं घोळ घालायची, तेव्हा त्या म्हणायच्या, "मागचंपुढचं वाक्य वाचा, अर्थ आपोआप कळेल." या कागदावर मागेपुढे काहीच नव्हतं.

"तिघं उरलेत, असं होतं," त्या कशाबशा बोलल्या. "नाहीतर, तिघं तिथून निघून गेलेत. नाहीतर... तिसरं, डावीकडे."

"डावीकडचा तिसरा कोनाडा?" मुकादम पुटपुटला. "आडोशाला उभं राहायला केलेत ते. तिथे बसले असतील?"

"तिघं उरलेत म्हणजे कोण कोण?" फिटरच्या आईने विचारलं.

मुकादम बाईंकडेच वळला.

"बाई, काय ते एक सांगा."

बाईंनी चिठ्ठीची घडी घातली. "तिसरा कोनाडा. अडकलेला माणूस डोकी मोजून कशाला कळवेल? पत्ताच कळवणार."

आवाज वर्गातल्यासारखा ठाम होता. पाचही जण जिवंत आणि एकत्र असतील असा अर्थ त्या दोन शब्दांत तेवढा एकच होता, आणि त्यांनी तो उचलला होता.

मशिन सहा तास घरघरत राहिलं. चारही बायका जागच्या हलल्या नाहीत. ऊन कलताना मशिनची सळई एकदम सैल पडली. पलीकडे पोकळी लागली. मुकादमाने सळईवर हातोडा मारला, तिला कान लावला आणि हात वर केला.

सगळं चिडीचूप झालं.

आतून एक ठोका आला. बऱ्याच वेळाने, अगदी क्षीण, आणखी एक.

"माझाच तो," फिटरची आई म्हणाली. "हात ओळखते ना मी त्याचा."

तिचं बोलणं कुणीच खोडून काढलं नाही. चौघींनीही तो हात आपापल्या माणसाचा म्हणून ओळखला होता.