सोनचाफ्याला दिलेली मुदत

"काका, तुमचा चाफा आज परत आमच्या कुरडयांवर रडला!" जिना चढून आलेल्या शशिकलानं दारातूनच ऐकवलं.

प्रभाकरांनी हातातली झारी पाठीमागे लपवली. पनवेलच्या त्या इमारतीत ते दुसऱ्या मजल्यावर आणि शशिकला बरोब्बर त्यांच्या खाली.

"डब्याखाली ताटली ठेवतो, ताई."

"आणि ती कॅसेट! सकाळी सहाला कीर्तन? घरात आजारी माणूस आहे."

तेही खरंच होतं. तिच्या सासूबाई, कमळाबाई, अर्धांगानं दोन वर्षं अंथरुणावर होत्या. प्रभाकर वरमले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आवाज इतका बारीक केला की अभंग कुठला, हे त्यांचं त्यांनाच कळेना.

साडेसहाला शशिकला पुन्हा दारात. "आज बुवा उपाशी होते वाटतं? आवाजच नाही तो!"

"या बाईला नक्की काय हवंय?" प्रभाकरांनी बायकोला विचारलं. शांती हसली. त्यांनी बटण पुन्हा मूळच्या जागी फिरवलं.

तळोज्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून प्रभाकरांना झाडांचं वेड लागलं होतं. टोमॅटो कबुतरांनी खाल्ले. कारल्याचा वेल केबलच्या वायरीवरून थेट शेजाऱ्यांकडे गेला आणि त्याला एकच कारलं लागलं, तेही वाकडं. पण त्या एका कारल्याची भाजी त्यांनी चार घरी चाखायला दिली! कोळीण म्हणाली, गुलाबाला मासळीचं धुवण घाला. गळ्यात तुळशीची माळ, कसं घालणार? गुलाब गेला. कढीपत्ता मात्र असा माजला की अख्ख्या जिन्याच्या फोडण्या त्याच्यावर निघत.

राहिला सोनचाफा. रंगाच्या रिकाम्या डब्यात लावून चार वर्षं झाली. कमरेएवढा वाढला, पण कळी नाही. प्रभाकरांची इच्छा एवढीच होती: रामनवमीच्या कीर्तनात पूर्वरंग संपला की बुवांना हार घालतात, त्या हाराच्या मधोमध आपल्या घरचा चाफा असावा. म्हणून रोज सहाला झाडाशेजारी टेप ठेवून ते त्याला कीर्तन ऐकवत.

"काय काका, चाफा टाळ्या वाजवायला लागला का?" इमारतीतले लोक विचारत.

बेलपाड्याचा रोपवाला तर झाड बघून खोखो हसला. "बियाचं रोप हाय काका, कलम नाय. आजून चार-पाच वर्सं नाय फुलायचं. बुवा थकंल, पन झाड नाय!"

ते मात्र प्रभाकरांना लागलं. जिन्यातच ते मोठ्यानं म्हणाले, "रामनवमीपर्यंत मुदत. फूल आलं तर जन्मभर कीर्तन लावीन. नाही आलं तर झाड देऊन टाकीन आणि कॅसेटही बंद. माझी चेष्टा करा, कीर्तनाची नाही करू द्यायचो."

शशिकला आपल्या दारात मेथी निवडत होती. "बरं होईल," ती खाली मानेनंच म्हणाली. "कधी आहे रामनवमी?"

"सव्वा महिना."

पुढच्याच आठवड्यात पुतण्याच्या लग्नाला चिपळूणला जायचं होतं. निघताना शांतीनं दृष्ट लागू नये म्हणून चाफ्याच्या फांदीला लाल नाडा बांधला. किल्ली शशिकलाकडे दिली.

"पाणी तेवढं घाला," प्रभाकर चाचरत म्हणाले. "आणि जमलं तर सहाला टेपचं बटण..."

"बघते."

आठ दिवसांनी कुलूप काढलं, तो प्रभाकर चपलांसकट गॅलरीत.

"शांते! अगं ये! धाव!"

तीन कळ्या! पानं तेल लावल्यासारखी चकचकीत. माती काळी, भुसभुशीत. खोडाला बुडाशी चांगली जाड गाठ. "बघ, कसा जोर धरलाय!"

"अहो, जरा बुटका वाटतो नाही? आणि माझा नाडा कुठाय?"

"वाऱ्यानं गेला असेल! अगं, कळ्या बघ की तू!"

ते दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेले. शशिकलानं दार अर्धंच उघडलं. "मी काय केलं? पाणी घातलं, चिमूटभर खत. बाकी तुमच्या बुवांनीच केलं असेल."

आता प्रभाकर दिवसातून दहा वेळा कळ्या मोजत. पहिल्या दोन आधीच उमलल्या, तेव्हा ते कॅलेंडरसमोर उरलेले दिवस मोजत उभे राहिले. पण पाणी घालता घालता झाडाला दोन नवीन कळ्या दिसल्या आणि रामनवमीच्या सकाळी एकदम दोन फुलं उमलली. गॅलरीभर घमघमाट! प्रभाकरांना रडू का हसू झालं.

देवळात पूर्वरंग संपला. हार बुवांच्या गळ्यात पडला, मधोमध पिवळाधमक चाफा. बुवांनी तो हुंगला आणि चिपळ्या उचलता उचलता विचारलं, "कुणाच्या घरचा हो हा?"

"माझ्या!" प्रभाकर उभेच राहिले. मंडप हसला, मग टाळ्या पडल्या.

दुपारी ते सुंठवडा आणि दुसरं फूल घेऊन शशिकलाच्या दारात गेले.

"द्या, मी देते त्यांना," ती दार अडवून म्हणाली.

"छे! आज आजींना मी स्वतः देणार." आनंदाच्या भरात ते आत शिरलेसुद्धा.

कमळाबाईंची खाट गॅलरीच्या दाराला लावलेली होती, उशी गॅलरीकडे, वरचा आवाज थेट कानी पडेल अशी. प्रभाकरांनी त्यांच्या तळहातावर चाफा ठेवला. म्हातारीची बोटं हळूच मिटली.

"फूल... आलं ना?" एकेक शब्द ओढत त्या म्हणाल्या. "शशी म्हणाली... आता सहाचं कीर्तन... बंद नाही व्हायचं."

प्रभाकरांनी शशिकलाकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. त्यांची नजर तिच्यावरून गॅलरीत गेली. तिथं कोपऱ्यात, वाळत घातलेल्या चादरीमागे, एका नव्या कुंडीत कमरेएवढा सोनचाफा उभा होता. त्याला एकही कळी नव्हती, आणि फांदीला शांतीनं बांधलेला लाल नाडा होता.