उजव्या हाताचा गिअर

"तिसरा टाका," मंजूषा म्हणाली.

प्रभाकर टेंभेकरांनी डाव्या हाताने हवेत काहीतरी ओढलं.

"उजवा हात. तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं."

टेंभेकर जेवणाच्या खुर्चीवर बसले होते. हातात स्टीलचं ताट, उजव्या बाजूला बरणीत उभं केलेलं लाटणं. लाटण्याचा तिसरा गिअर एकदाचा पडला. ताट खोटं, लाटणं खोटं; कपाळावरचा घाम तेवढा खरा होता.

भोपाळच्या आनंद नगरात निवृत्त माणसांनी फुशारक्या मारणं काही नवं नाही. पण टेंभेकरांनी जरा जास्तच मोठी मारली होती. कारखान्यातल्या निरोप समारंभात त्यांनी माइक हातात धरून जाहीर केलं होतं, "आम्ही टूरच्या बसमधून मेंढरांसारखे हिंडणार नाही. इटलीत भाड्याची गाडी घेणार आणि खेडोपाडी फिरणार." टाळ्या पडल्या. त्या रात्रीपासून साहेबांची झोप उडाली. रायसेन रोडवर मागून ट्रकने हॉर्न दिला की गाडी कडेला घेऊन पाणी पिणारा हा माणूस. ओव्हरटेक त्याने जन्मात फक्त बायकोच्या बोलण्याला केलं होतं.

विमानाची दोन तिकिटं निघाली होती. शनिवारपर्यंत एवढंच ठरवायचं होतं: भाड्याची गाडी, की शेजारच्या शशिकलाताई जाणार होत्या त्या टूरची बस.

"बस तरी काय वाईट आहे?" टेंभेकर सहज म्हटल्यासारखं म्हणाले. "तुलाही सोबत होईल."

"तुमच्यासारख्या माणसाने बसमध्ये?" मंजूषाने डोळे मोठे केले. "पुढे गाईडची छत्री, मागे अंताक्षरी, मध्ये ठेपल्यांचे डबे. अहो, तुम्ही, तुमची गाडी, मोकळा रस्ता. मध्ये बोलणारं कोणी नाही."

टेंभेकरांची छाती फुगली. तिला फार हवा लागत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावरचा सराव सुरू झाला, रस्त्याच्या उजव्या बाजूने. भोपाळमध्ये उलट्या बाजूने गाडी चालवायला धैर्य लागत नाही. निम्मं शहर तेच करतं. समोरून येणाऱ्या दूधवाल्याने निमूटपणे वाट दिली. फक्त फिरायला निघालेले तिवारीजी थांबले.

"टेंभेकर साहब, इटली पहुँच गए क्या?"

"प्रॅक्टिस है, तिवारीजी, प्रॅक्टिस!"

"अच्छा। हम समझे, रोज़ की तरह चला रहे हैं।"

चौक दिसला तशी टेंभेकरांनी गाडी बंद पाडली. मग खाली उतरून टायरला लाथ मारली. "हवा कमी वाटते."

मंजूषाही उतरली. तिने चारही टायर वाकून वाकून पाहिले आणि गंभीरपणे मान हलवली. "आता बरोबर आहे. बसा."

ती हसली नाही. हसली असती तर सगळंच संपलं असतं.

घाटातलं वळण कसं घ्यायचं, अरुंद गल्लीत समोरून गाडी आली तर काय करायचं, सगळं ती फोनवर बघून ठेवी आणि त्यांना विचारी, जणू तिलाच शिकायचंय. टेंभेकर उत्तरं देत. उत्तरं देता देता त्यांना ती येऊ लागली. शुक्रवारी चौकाला अख्खा वळसा घालून झाला, उजव्या बाजूने, गाडी बंद न पडता.

"बघितलंस?" घरी येऊन ते सोफ्यावर पसरले. "उगाच घाबरत होतीस. बायकांना गाडीतलं काही कळत नाही, आणि धीर तर नाहीच."

"नाहीच," मंजूषा म्हणाली. "अमृताला फोन लावता? बुकिंग रद्द न होणारी गाडी स्वस्तात मिळतेय, म्हणत होती."

टेंभेकरांनी पुण्याला लेकीला फोन लावला. "रद्द न होणारीच कर. टेंभेकर माघार घेत नसतात. आणि तुझ्या आईची काळजी करू नकोस, मी आहे."

मग पायात चपला सरकवून ते तिवारीजींना सांगायला निघाले. जिन्यावरून शीळ ऐकू आली.

ती ऐकू येईनाशी होईपर्यंत मंजूषा थांबली. मग तिने टूरच्या ऑफिसचा नंबर लावला.

"मिसेस टेंभेकर बोलतेय. शशिकलाताईंच्या शेजारची सीट अडवून ठेवलीत ना? हो, खिडकीची. करा पक्की. नाही, नाही, एकच. कालपर्यंत हेही बसच म्हणत होते हो, म्हणून तर तुम्हाला थांबवलं होतं."