नाव पुकारलं तेव्हा

रहाटणीच्या मंगल कार्यालयात खासदार सयाजीरावांच्या वर्षभराच्या कामाचा अहवाल नुकताच प्रकाशित झाला होता. चकचकीत कागद, पानोपानी सयाजीराव. संसदेत शेवटच्या बाकावर बसणाऱ्या माणसाचे एवढे फोटो काढले तरी कुणी, असं विरोधकांनाही वाटलं असतं. हजेरी ब्याण्णव टक्के, विचारलेले प्रश्न एकशे चाळीस. आकडे अगदी खरे होते.

हारतुऱ्यांच्या रांगेत सोजराबाई दिसली आणि सयाजीरावांचं हसू जागच्या जागी वाळलं. चाकणजवळच्या एका कारखान्यात प्रेस मशीनखाली तिच्या उजव्या हाताची चार बोटं गेली होती. काम झटपट उरकावं म्हणून मालकानं, हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सरच काढून ठेवला होता. अशा वीस-पंचवीस जणींची नावं घेऊन ती त्यांच्याकडे आली होती, आणि त्यांनी खरोखरच प्रश्न टाकला होता. वर्षात एकदाच नशीब उघडलं. सभागृहात मंत्र्यांनी तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांच्या सोडतीत त्यांचा प्रश्न पहिल्या नंबरला लागला. आदल्या दिवशी पक्षाच्या एका ज्येष्ठानं खांद्यावर हात ठेवला. "आपल्याच मंत्र्याची अडचण होते, सयाजीराव. नाव पुकारतील त्या वेळेला जरा बाहेर चहा घेऊन या."

सयाजीराव चहा घेऊन आले. मंत्र्यांचं चार ओळींचं लेखी उत्तर तेवढं आलं: माहिती मागवण्यात येत आहे. अहवालात तोही प्रश्न मोजला होता.

रांग सरकली. सोजराबाई समोर उभी राहिली.

"सायेब, त्या दिशी आमी धा-बारा बायका मोबाइलवर संसद लावून बसलो व्हतो. तुमचं नाव पुकारलं. दोनदा पुकारलं. तुमी दिसलाच न्हाईत."

सयाजीरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आता ही चारचौघांत वाभाडे काढणार. काढावेत, असंही त्यांना क्षणभर वाटलं.

"बायका लई बोलल्या. मी म्हनलं, गप बसा गं. मानूस आजारी आसंल. न्हायतर आसल्या टायमाला मागं ऱ्हानारा न्हाई त्यो."

खरं बोलायची वेळ हीच होती, हे त्यांना पुरतं कळत होतं. आजूबाजूला कार्यकर्ते उभे होते.

"व्हय मावशी," ते म्हणाले. "बरं नव्हतं."

"तरी मी म्हनलं!" तिचा चेहरा उजळला. "पुन्यांदा इचारा सावकाशीनं. आमची काय घाई न्हाई. आदी जिवाला जपा."

सयाजीरावांना मान वर करवेना. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं त्यांना.

"नजर लागली आसंल कुनाची," म्हणत सोजराबाईनं दोन्ही हात त्यांच्या चेहऱ्यावरून उतरवले आणि आपल्या कानशिलांवर टेकवून बोटं मोडली.

डावीकडची कडाकडा वाजली. उजवीकडे काहीच वाजलं नाही.