चिलखताच्या आतला पंजा

स्टेनलेस स्टीलचं चिलखत काळं करायचं, तर आधी स्पिरिटने पुसायचं, हातमोजे घालायचे आणि मगच बर्नरने तापवायचं. उघडं बोट लागलं की डाग उमटतो. आमच्या चिलखतावर आतल्या बाजूने अख्खा पंजा उमटला.

"हात लावलास ना?" मामाने विचारलं.

"मामा, याला सहा बोटं आहेत."

मामाने माझी बोटं मोजली. मग पाठ फिरवून स्वतःची.

संध्याकाळी नाटकाचा प्रयोग होता. दादाला पहिल्यांदाच दोन वाक्यांची भूमिका मिळाली होती, आणि काळं चिलखत नसेल तर भूमिकाही नाही, असं दिग्दर्शकाने बजावलं होतं. आम्ही पंजा घासून काढला आणि पत्रा पुन्हा तापवला. पंजा परत आला, फक्त जरा वर सरकून. तिसऱ्यांदा मात्र पत्रा आतून-बाहेरून एकसारखा काळा निघाला. पंजा कुठे गेला, याची चौकशी करायला वेळ नव्हता.

दादाने चिलखत अंगात चढवलं. डावे पट्टे मामाने आवळले, उजवे मी.

"मस्त बसलंय," दादा म्हणाला. "मामा, आता आतला हात काढ की. गुदगुल्या होतायत, मी माझी वाक्यं विसरेन."

मामाने दोन्ही हात वर केले. मीही केले.

दादा हसतच होता.