चौथं प्रकरण

कुलगुरू साहेब, त्या पोरीच्या प्रबंधातलं चौथं प्रकरण तुम्हीच कापायला लावलंत. आणि तिच्या तोंडी परीक्षेला पहिल्या रांगेत येऊन बसलात, काही घडलंच नाही अशा थाटात.

बाई दारातून हे बघत होत्या. पोरगी त्यांची विद्यार्थिनी. कापडगिरणीत मागावर काम करणाऱ्यांचे कान कसे जातात, हा तिचा विषय. चौथ्या प्रकरणात याच गावच्या गिरणीतली माणसं होती. विद्यापीठाचं हे सभागृह त्याच गिरणीच्या मालकानं बांधून दिलेलं. प्रबंध बाईंना तोंडपाठ. म्हणून शेवटच्या प्रतीवर त्यांनी न वाचताच सही ठोकली होती. आज सकाळी सहज चाळायला घेतला, तर ते प्रकरण गायब.

त्यांनी पोरीला बाहेर ओढलं.

"कुणासाठी कापलंस?"

"तुमच्यासाठी, मॅडम. नाहीतर निवृत्तीच्या तोंडावर तुमच्यामागे चौकशी लावू, म्हणाले साहेब."

"आणि मला न विचारता माझं भलं करायला निघालीस? आई आहेस का माझी?"

पोरीचे डोळे भरले. बाईंनी तिची दुमडलेली कॉलर सरळ केली.

"निष्कर्षात एक वाक्य राहिलंय. 'चौथ्या प्रकरणात दिसले त्याप्रमाणे.' आता चौथ्यात आहे मागांच्या प्रकारांची माहिती. तिथं काय दिसणार, डोंबल?"

"खोडायचं राहिलं, मॅडम. चुकलं."

"जन्मात एवढी चांगली चूक केली नव्हतीस. चल."

आत शेवटच्या रांगेत पोरीचे बाबा बसले होते. उभा जन्म त्या गिरणीत गेलेला. "झालं का गं सुरू?" त्यांनी एवढ्या मोठ्यानं विचारलं की सगळ्या माना वळल्या. साहेब गालात हसले.

परीक्षकांचे प्रश्न गुळगुळीत, उत्तरंही तशीच. साहेबांनी टाळ्यांसाठी हात उचलले, तोच बाई उठल्या. मार्गदर्शकानं आपल्याच विद्यार्थ्याला प्रश्न विचारायचा नसतो. हा रिवाज त्यांनी आजवर पाळला होता.

"मला एक विचारायचंय."

"मॅडम, वेळ संपली," साहेब म्हणाले.

"माझी संपत आलीय. तिची नाही."

बाईंनी निष्कर्षातलं ते वाक्य वाचलं. पोरगी माईककडे सरकली. साहेबांनी मागे बघून बोट हलवलं, आणि माईक बंद पडला.

"राहू दे तो," बाई तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "घरी बाबांशी बोलतेस ना, त्या आवाजात बोल."

शेवटच्या रांगेत म्हाताऱ्यानं कानामागे तळवा धरला.

"सांग, बाळा. चौथ्या प्रकरणात काय दिसलं तुला?"